सतरा मिनिटं

बंगळुरूच्या पीण्यातल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात १९९८ साली नवे सर्व्हर आले आणि ते सांभाळायला माणूस हवा झाला. मागच्या मुलाखतींत प्रश्न आधीच फुटले होते. म्हणून मालक पुरुषोत्तम यांनी या वेळी सगळं स्टोअर्सच्या श्रीधररावांवर सोपवलं. "तुम्ही कुणाशी बोलतच नाही, फोडणार कुणाकडे?" असं म्हणून ते हसले. मग म्हणाले, "पण फुटलं, तर ते तुमच्याकडूनच."

श्रीधररावांना कंप्युटरमधलं काही कळत नव्हतं. तज्ज्ञाने पाठवलेल्या कागदावरून उत्तरं त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतली. एकतीस वर्षांत नावाला डाग नव्हता आणि जूनमध्ये निवृत्ती होती.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी जयतीर्थ नावाचा उमेदवार आला. शहरातल्याच जयनगरचा, श्रीधररावांच्याच समाजातला, घरची मराठी. सर्व्हर बंद करण्याआधी काय कराल, असं त्यांनी विचारलं.

"मिडलवेअर, म्हणजे मधलं सॉफ्टवेअर, थांबवायचं, सतरा मिनिटं वाट पाहायची, मग सर्व्हर."

वहीत सतराच होते. त्यांनी तज्ज्ञाचा कागद पाहिला. तिथे सात होते. उतरवताना एकचा आकडा त्यांच्याच हातून जादा पडला होता.

"सतरा कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की, अण्णा."

आपण बसमध्ये वही उघडी ठेवली का? झोपेत बडबडतो का? श्रीधररावांना स्वतःची खात्री कधीच नसे. त्यांनी मनात उगीच दोनशे तीन हा आकडा धरला आणि विचारलं, जोडणी तुटली तर किती वेळा प्रयत्न कराल?

"स्वल्प जास्त वाटेल," जयतीर्थ म्हणाला, "पण दोनशे तीन."

खाली लेथ घरघरत होते. श्रीधररावांनी शेऱ्याचा कागद पुढे ओढला. नाव गेलं तरी चालेल, खरं तेच लिहायचं. 'उमेदवाराला उत्तरं आधीच ठाऊक होती,' असं ते लिहू लागले. समोरून तेच शब्द हलक्या आवाजात येऊ लागले, पेनाच्या चालीने.

ते थांबले.

जयतीर्थचा आवाज थांबला नाही.

"असा मला भास झाला. माझं वय झालं."

पेन तेच लिहीत पुढे सरकलं.

जयतीर्थ आता एकेक शब्द सावकाश सांगत होता, मास्तर शुद्धलेखन घालतात तसा. 'याला घ्यावं,' एवढं उमटलं.

खाली सही करताना श्रीधररावांना ते सगळं पटलंही होतं.