वजनकाटा न घेता

दार उघडं आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. चार वर्षांच्या भाचीनं माझ्या चपला बादलीत बुडवल्या होत्या, आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं — "एक ठेवून देईन हं!"

मागून कुणीतरी खाकरलं.

"बाळाचं वजन करायचंय... आरोग्य केंद्रातून आलोय." दारात तो, खांद्याला वजनकाट्याची पिशवी. भाची पळत जाऊन त्याच्यामागे लपली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी झाली. मुलांना न ओरडता कसं वाढवावं, हे आमची संस्था पालकांना शिकवते. कुठल्याही घरात काही बिघडण्याआधीच हात द्यायचा, म्हणून आरोग्य केंद्र आता आमच्या जोडीनं काम करणार होतं. पहिल्याच बैठकीत तो समोर! आणि वर्ग घेणारी ताई म्हणून उभी कोण राहिली? मीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान...

"आवाज छान आहे तुमचा," नंतर तो हळूच म्हणाला. "काल जरा जास्तच छान होता."

"सांगा ना सगळ्यांना!"

"काय सांगू? दादा बाहेरगावी, वहिनी बाळंतीण, दोन पोरं तुमच्या एकटीवर... दमला होतात."

त्यानं रागावायला हवं होतं. या समजूतदारपणानं मान आणखीच खाली गेली.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. मी आधी केस विंचरायचे, गोड बोलायचे. तो काट्याकडे बघता बघता माझ्याकडे बघायचा... एकदा भाचीनं बिंग फोडलं. "तुम्ही आलात ना, की आत्या ओरडत नाही!"

"मग रोजच यायला हवं," तो म्हणाला. मी लाजेनं लाल.

आणि पुढच्याच बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताईंच्या घरचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या."

माझे डोळे भरून आले. जिन्यात त्याला गाठलं. "इतकी किळस आली माझी?"

"किळस?" तो गडबडला. "अहो, नियमच आहे... ज्या घरात जीव गुंतलाय, त्या घरचं काम आपण करायचं नाही." त्याचे कान लाल झाले होते. "वजनकाटा न घेता आलो तर... चालेल?"

"मी अजून ओरडते," मी खाली बघत म्हटलं. "तुम्ही नसता तेव्हा."

"मग मी असताना ओरडा. पोरीला तोवर मी फिरवून आणीन."

रविवारी दार मी मुद्दामच उघडं ठेवलं. भाचीनं आल्या आल्या त्याचे बूट बादलीत बुडवले. मी तोंड उघडलं... आणि त्याच्याकडे बघून मिटलं.

"आता हे वाळेपर्यंत," अनवाणी उभा राहून तो म्हणाला, "मला काही जाता येणार नाही."