दोन्ही वायरी काढल्यावर

लोकांचं इंटरनेट का बंद पडलंय हे मी घरबसल्या फोनवर सांगते, आणि माझंच ऐन कामात बंद पडतं. साहेबांनी परवा स्पष्टच सांगितलं, पुन्हा एकदा जरी मध्येच गायब झालात तर काम दुसरीला देऊ. घर त्याच कामावर चालतं. म्हणून सिम घालायची एक डबी आणली. मुख्य वायरने दगा दिला की कॉम्प्युटरने आपणहून डबीवर जायचं, असा बेत.

तो जमवण्यात अख्खी सकाळ गेली. डबीचा दिवा लाल, मग केशरी, मग पुन्हा लाल. पडद्यावर एक चौकट बंद केली की दुसरी उघडून पासवर्ड मागायची. लेकीला फोन केला, तर म्हणते, "आई, तू जगाला शिकवतेस ना? मुख्य वायर उपट आणि बघ."

दुपारी मागचं दार लावून कामाला बसले. कॉल नव्हता तेवढ्यात वायर उपटली आणि श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले. काहीच तुटलं नाही. पुढचा कॉल खणखणीत आला. दिव्याकडे बघायचं भान कुठलं, मी डबीला चक्क थोपटलं.

कॉल एका बाईचा होता. आवाज सर्दी झालेल्या माझ्या बहिणीसारखा, दबका. "दोन्ही वायरी काढल्यात, तरी चालूच आहे."

बंद पडलं म्हणून रडणारी माणसं माझ्या सवयीची. चालू आहे म्हणून रडणारी ही पहिलीच. सकाळचा सगळा वैताग तिच्यावर निघाला. "ताई, मग चांगलंच आहे की. एकदा बंद करून चालू करा."

"मागचं दार उघडलंय," ती म्हणाली. "मी लावलं होतं."

दारांचं आमच्याकडे बघत नाहीत, असं सांगून मी कॉल तोडला.

तेवढ्यात मोबाइलवर डबी विकणारा दुकानदार. "काकू, रागावू नका. तुमचं सिम उद्या सकाळी चालू होईल. आज ती डबी नुसती शोभेची."

डबीचा दिवा लालच होता.

मग मघापासून हे चाललंय कशावर? मी डबीचीही वायर काढली. दोन्ही टोकं मांडीवर ठेवली, डोळ्यांसमोर राहावीत म्हणून.

पडद्यावरची, इंटरनेट चालू असल्याची हिरवी खूण जागची हलली नाही.

हेडफोनमध्ये रिंग वाजू लागली. कॉल आल्यावर वाजते तशी नव्हे. आपण कुणाला तरी लावल्यावर ऐकू येते तशी.

पलीकडे कुणीतरी उचललं.

"नमस्कार, काय अडचण आहे?"

वैतागलेला, घाईतला आवाज. माझा.

बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. तरी तोंडून शब्द निघाले, दबकेच.

"दोन्ही वायरी काढल्यात, तरी चालूच आहे."

"ताई, मग चांगलंच आहे की."

मी मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं. ते अजून बंद होतं.