सरांचं मत

“लवकर उठलीस ना? काही खाल्लंस का?”

लिस्बनमधल्या हॉटेलात, नाश्त्याच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवलेल्या काळ्या डबीतून ओगले सरांनी विचारलं. सरांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

“पाव खातेय, सर. फार कडक आहे,” शलाका म्हणाली.

“मग चहात बुडव. परदेशात आलीस म्हणून दातांवर उदार व्हायचं का?”

समोर बसलेला हर्षद निकम खो खो हसला. तो वारसा युवा मंचाचा चिटणीस होता आणि शलाका इंगवले अध्यक्ष. मंच सरांनीच वाईला स्थापन केलेला. आज तो परंपरानिष्ठ युवा संघटनांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचा सभासद होता आणि एकेचाळीस देशांतली तरुण मंडळी वार्षिक परिषदेसाठी इथे जमली होती.

या आघाडीची एक आगळी रीत होती. जुन्यांना विचारल्याशिवाय नवं ठरवायचं नाही, असं ही मुलं मानत. म्हणून प्रत्येक संघटना आपल्या दिवंगत संस्थापकाचा ‘पूर्वस्वर’ बरोबर आणी. त्या माणसाची सगळी भाषणं, लेख, पत्रं यंत्राला दिली जात. एखादा जुना विद्यार्थी कसा, “सर असते तर असं म्हणाले असते,” हे बरोबर सांगतो, तसंच यंत्र सांगे. फक्त ते सरांच्याच आवाजात बोले. परिषदेत प्रत्येक पूर्वस्वराला एक मत असे आणि सहसा त्या संघटनेचे प्रतिनिधीही त्याच बाजूनं जात.

आजचा ठराव होता, दहा वर्षांखालच्या मुलांना यंत्रानं शिकवायला बंदी घालावी. मसुद्याचं पहिलंच वाक्य सरांचं होतं : मूल माणसाच्या मांडीवर शिकतं. चाळीस वर्षं सर हेच सांगत आले होते. ठराव झाला तर आपल्या विधानसभेत लगेच तसं विधेयक आणू, असा शब्द मंच ज्या पक्षाशी जोडलेला होता, त्या पक्षानं देऊन ठेवला होता.

शलाकानं अर्धा पाव बशीत ठेवला.

“पुन्हा जुईचाच विचार ना?” हर्षदनं विचारलं.

जुई ही शलाकाच्या बहिणीची मुलगी. नऊ वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. गावात खुणांची भाषा येणारं कुणीच नव्हतं. मग बहिणीनं ‘खुणशिक्षक’ नावाचं यंत्र आणलं. त्याचा कॅमेरा पोरीच्या हातांच्या हालचाली वाचायचा आणि पडद्यावर दोन हात तिला उत्तर द्यायचे. वर्षभरात जुई भांडायला शिकली, गोष्टी सांगायला शिकली. आईला ‘तू खोटारडी आहेस’ असंही सांगायला शिकली, आणि त्या दिवशी तिची आई आनंदानं रडली.

“एका पोरीसाठी अपवाद मागता येईल,” हर्षद म्हणाला.

“‘कुणालाही अपवाद नाही’ अशी अट मसुद्यातच आहे. आणि हर्षद, सरांचं मत बदललं होतं.”

“ताई, पुन्हा तेच! पुरावा काय?”

पुरावा नव्हता, हेच तर दुखणं होतं. अर्धांगवायूनं सरांची वाचा गेली, उजवा हात गेला. मंचाच्या नियमानं आजारपणातलं काहीही पूर्वस्वरात घालायचं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या दुबळेपणाचा कुणी फायदा घेऊ नये, म्हणून तो नियम सरांनीच करून ठेवला होता. आणि त्या शेवटच्या तीन वर्षांत सर शेजारीच राहणाऱ्या जुईकडून एका हातानं खुणा शिकले. दोघं दुपारभर ओट्यावर बसून हातांनी गप्पा मारत. एका दुपारी त्यांनी, जुईमुळे एव्हाना खुणा कळू लागलेल्या शलाकाला जवळ बोलावलं, खुणशिक्षकाकडे बोट केलं आणि डाव्या हातानं सावकाश सांगितलं : माझं चुकलं. हे राहू दे.

परिषदेचं सभागृह भरलं. अध्यक्ष बेआत्रिझनं सरांचं नाव पुकारलं. प्रथेप्रमाणे पूर्वस्वर आणणाऱ्यानं डबी व्यासपीठावर ठेवायची, नमस्कार करायचा आणि खाली यायचं.

“नमस्कार कर आणि ये,” हर्षद कुजबुजला. “सरांना लोकांपुढं खोटं पाडू नकोस गं.”

शलाकानं डबी ठेवली, नमस्कार केला, पण तिचा पाय निघेना.

“सर, मत देण्याआधी एक विचारू?”

“वर्गात कधी नको म्हणालोय?”

सभागृहातल्या प्रत्येकाच्या कानात आपापल्या भाषेत ते शब्द पोचले. थोडं हसू पसरलं. शलाकानं सरांची गेलेली वाचा, नंतरची तीन वर्षं आणि ओट्यावरची ती दुपार सांगितली. एक शब्दही तिनं वाढवला नाही.

“मी असं म्हणालो?” सर म्हणाले. “मला नाही वाटत. कुणी लिहून घेतलं होतं?”

“नाही सर.”

“तुला तसं हवं आहे, म्हणून तर आठवत नाही ना?”

हर्षदनं मान खाली घातली.

“हवं आहे, सर,” शलाका म्हणाली. “पण आठवतंही आहे.”

बेआत्रिझनं घड्याळाकडे पाहिलं. “शलाका, नियमाप्रमाणे हे पूर्वस्वरात धरता येणार नाही. श्री. ओगले, आपलं मत?”

डबी गप्प राहिली. वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला की सर असेच खडू हातात धरून थांबत.

“मत देतो,” अखेर सर म्हणाले. “पण माझा हिशेब लागत नाहीये. वाचा गेल्यावर मी तीन वर्षं जगलो, असं तू म्हणतेस. मी तर गप्प बसणारा माणूस नव्हे. त्या तीन वर्षांत मी बोलत कुणाशी होतो?”

“जुईशी, सर.”

“जुई.” त्यांनी नाव सावकाश उच्चारलं, नव्या विद्यार्थ्याचं हजेरीत पहिल्यांदा उच्चारतात तसं. “मला ती आठवत नाही गं.”

शलाकाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिचा डावा हात आपोआप वर आला. मग डबीला डोळे नाहीत हे तिच्या लक्षात आलं आणि हात हवेतच थांबला.

“शलाका,” सरांनी हलकेच विचारलं, “मी तिला शिकवत होतो, की ती मला?”