सतरा नंबरचा निकाल

शेवटची बस चुकली होती. विद्यापीठाच्या फाटकाजवळच्या पायऱ्यांवर तासिका तत्त्वावर शिकवणारी तिघं तरुण मंडळी बसली होती, आणि विषय नेहमीचाच होता, आपण कायम कधी होणार. निवृत्त ग्रंथपाल काकाही त्यांच्यात येऊन टेकले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, की कायम झालेला एक माणूस त्यांनी जवळून पाहिला होता. पण ती हकिकत भुताची वाटेल.

"भूत तरी कायम असतं का, काका? की तेही तासावर?" तिघांतली एक म्हणाली.

काका हसले नाहीत. "मी सांगतो तसंच सगळं घडलं असेल, याची मला खात्री नाही. पण ते सर खोटं बोलणारे नव्हते."

काका सांगू लागले. ते सर इतिहास शिकवायचे. अकरा वर्षं तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत घरी बसायचं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बायको शिवणकाम करायची, मुलगी नववीत. नोकरीसाठीची वयाची मर्यादा त्या डिसेंबरअखेर संपत होती. कुलसचिवांनी बोलावून सांगितलं, विद्यापीठाला पन्नास वर्षं होताहेत, आजवरच्या सगळ्या अभ्यासक्रमांचा इतिहास मूल्यांकनाच्या अहवालात भरून द्या, तुमची फाइल मी स्वतः पुढे सरकवतो.

सरांनी जीव तोडून काम केलं. धान्याच्या गोदामात तीन अभ्यासक्रमांनी सुरू झालेलं विद्यापीठ आज बेचाळिसांवर कसं आलं, सगळं जुळवलं. गोदाम म्हणजे आताची अभिलेख खोली, मागच्या अंगाला, जुन्या बाकांसकट. राहिला होता फक्त भूमापनाचा रात्रवर्ग. दिवसभर राबणारी माणसं तिथे रात्री जमीन मोजायला शिकत. सहा वर्षांत तो वर्ग बंद पडला.

अकरा डिसेंबर, गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ. अहवाल ऑनलाइन भरायची मुदत दहापर्यंत. सर एकटेच त्या खोलीत, बाकांसमोरच्या टेबलाशी, पुढ्यात लॅपटॉप आणि त्या वर्गाचं शेवटचं हजेरीपुस्तक. अर्जात तीन रकाने होते: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, प्रलंबित. तिसऱ्यात 'निरंक' नसेल तर अहवाल परत येणार, असं कुलसचिवांनी बजावून सांगितलं होतं.

उत्तीर्ण चौदा, अनुत्तीर्ण आठ. पटावर मात्र तेवीस. सतरा नंबरपुढे लाल शाईत एकच शब्द होता, राखीव. कुठला तरी दाखला जोडायचा राहिला म्हणून निकाल राखून ठेवलेला, आणि मग विसरलेला. एकेचाळीस वर्षं.

बेरीज आपलीच चुकली असेल, असं सरांना वाटलं. वाटावं अशी फार इच्छाही होती. म्हणून त्यांनी पट पुन्हा मोजायला घेतला. आणि शिकवणारा माणूस करतो ती चूक केली. नंबर मोठ्याने वाचले, वर्गातल्या आवाजात.

"चौदा... पंधरा... सोळा... सतरा..."

"हजर, सर."

आवाज मागच्या बाकावरून आला. सरांचा हात सवयीने चालला. सतरापुढे त्यांनी हजेरीची खूण केली. आणि मग हाताला समजलं.

त्यांनी वर पाहिलं नाही.

घड्याळात नऊ बावन्न. घरून फोन वाजत होता, तो उचलला नाही. मागच्या बाकावर कुणीतरी श्वास घेत होतं, दमून आलेल्या माणसासारखा.

"सर... माझा निकाल?"

एक आकडा. 'निरंक' ऐवजी 'एक' लिहायचं. लिहिलं की अहवाल परत. महिना संपला की वय संपलं. मुलीची वही, मशीनवर वाकलेलं बायकोचं डोकं... सगळं डोळ्यांपुढून गेलं, असं सर मला म्हणाले. आणि हेही म्हणाले, की त्यांनी त्या माणसाला हात जोडले. मान वर न करता.

"मला माफ करा. मला घर आहे हो."



नऊ अठ्ठावन्न. बाक करकरला. पुढचा बाक. मग त्याच्या पुढचा.

सरांनी लिहिलं... निरंक. बटण दाबलं. पडद्यावर आलं, अहवाल प्राप्त झाला.

कानाशी, अगदी शांतपणे:

"बरं, सर. मी थांबतो."

काकांनी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

पुढे सगळं सुरळीत झालं. महिना संपायच्या आत नेमणुकीचा आदेश आला. सरांनी पेढे... नाही, पेढे वाटायला सुचलंच नाही त्यांना. मार्चमध्ये त्यांनी वर्गाची पहिली चाचणी घेतली. मुलं साठ, कागद साठ वाटले. गठ्ठा बांधताना उत्तरपत्रिका एकसष्ट निघाल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी राजीनामा दिला. एवढ्या कष्टाने मिळालेली नोकरी, कारण लिहिलं नाही. ती एकसष्टावी उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर ठेवून गेले.

"काय होतं तीत?" मघाशी थट्टा करणारीनेच विचारलं. आवाज खाली आला होता.

"नाव नाही, नंबर नाही. आखून काढलेला नकाशा. दोन खोल्यांच्या घराचा. दार, खिडकी, शिवणाचं मशीन, अंथरुणं, सगळं फूट-इंचांत. मला राहवलं नाही. टेप घेऊन मी सरांच्या घरी गेलो, प्रत्येक माप ताडून पाहिलं. इंचाचा फरक नाही. घरात माणसं तीन..."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नकाशात अंथरुणं चार आहेत."