अध्यक्षांकडे बघून

मी हात वर केला होता तो पंखा लावा म्हणायला.

चेन्नमपाडमच्या वाचनालयाची वार्षिक सभा चालली होती. चिटणीस एक ठराव वाचून अनुमोदनाची वाट बघत उभे होते आणि कुणी जागचं हलत नव्हतं. तेवढ्यात माझा हात वर गेला. ‘अनुमोदन, जलजा टीचर,’ म्हणत त्यांनी लिहूनही टाकलं. मी गावच्या शाळेत नुकतीच रुजू झालेली. ठराव कशाचा, हेसुद्धा मी ऐकलं नव्हतं.

सभेनंतर ते काळ्या चहाचे दोन पेले घेऊन माझ्यापाशी आले.

“मी सुगतन. आभार मानायला आलो. बायकांसाठी दुपारचं वाचनालय उघडं ठेवायचा ठराव दर वर्षी मांडतो, दर वर्षी अनुमोदनाविना पडतो. या वर्षी मंजूर झाला.”

“मला नुसतं उकडत होतं, चेट्टा,” मी म्हटलं. वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे आदराने चेट्टाच म्हणतात.

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. पेले माझ्या हातात दिले, जाऊन पंखा लावला आणि परत येऊन आपला पेला घेतला. मला ते आवडले. तिथल्या तिथे आवडले, त्याला मी काय करू?

पुढच्या वर्षी अध्यक्षपदावरून दोन गट हमरीतुमरीवर आले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ… खुर्ची माझ्या गळ्यात पडली. मग संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर बसून सुगतन मला सभेचे नियम शिकवू लागले. समोर कालव्यात जलपर्णी सरकत असायची.

“सभेत बोलणाऱ्याने फक्त अध्यक्षांकडे बघायचं,” ते म्हणाले. “एकमेकांकडे बघितलं की भांडणं होतात.”

“आणि अध्यक्षांकडे बघितलं की?”

“ते… नियमात दिलेलं नाही.”

त्या वर्षी चिटणीस प्रत्येक विषयावर बोलले. केरसुण्यांच्या खरेदीवरसुद्धा उभे राहिले, आणि नजर सारा वेळ माझ्यावर. शेवटी गावाची थोरली ताई, अम्मिणी चेची, मागून म्हणाली, “काय रे सुगता, लग्न करतोस की काय केरसुणीशी?” सगळी सभा हसली. मी शांतता राखायला सांगितलं, पण माझाच आवाज धड निघेना.

एवढं होऊनही आम्ही एकमेकांना काही म्हटलं नव्हतं. ते म्हणतील म्हणून मी थांबले होते. ते कशासाठी थांबले होते, मला माहीत नव्हतं.

वडिलांची बदकं रोगात गेली तेव्हापासून सुगतनच्या हाताला काम नव्हतं. शारजाच्या मामांनी व्हिसा पाठवला. मग सुगतननी शेवटचा म्हणून एक ठराव आणला. तलावापलीकडच्या बेटांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाचनालयापर्यंत येता येत नाही, तर पुस्तकं होडीतून त्यांच्या दारी न्यावीत. होडी वल्हवणाऱ्याला थोडं मानधन द्यावं. वल्हवणारे तेच असणार होते. ठराव झाला तर सुगतन राहणार, नाहीतर जाणार… गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सभेच्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि आत कपाटांपुढे बादल्या ठेवलेल्या. निवृत्त शिक्षक वर्गीस माष विरोधात बोलले.

“पुस्तकं होडीतून न्याल, चांगलंच आहे. पण इथे छप्पर गळतंय. आधी पुस्तकं वाचवा, मग फिरवा.”

त्यांचं काही चूक नव्हतं, हेच तर अवघड होतं.

सुगतन उत्तराला उभे राहिले आणि पहिल्यांदाच टेबलाकडे बघत बोलले.

“अध्यक्षांकडे बघून बोल, सुगता,” माष हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात विरोध नव्हता.

सुगतननी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग पुढचं वाक्य त्यांना सुचेचना आणि ते खाली बसले.

हात मोजले माष आणि सुगतन दोघांनी मिळून. बाजूने एकोणीस, विरोधात एकोणीस. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बरोबरी झाली तरच अध्यक्षाला मत असतं, आणि त्या मताचं काय करायचं तेही पायरीवर बसून सुगतननीच सांगितलं होतं. ‘आहे ते चालू ठेवायचं, टीचर. मोडायचं तर बहुमताने मोडावं. एकट्याच्या हाताने नाही.’

माझा एक हात वर गेला असता तर ते राहिले असते. तो हात मी दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला.

“अध्यक्षांचं मत विरोधात,” मी म्हटलं. “ठराव नामंजूर.”

सुगतननी ते लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. अम्मिणी चेची जाता जाता माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. हळूहळू सगळे छत्र्या उघडून निघून गेले. सुगतन बादल्या रिकाम्या करत होते.

“बरोबर केलंस,” पाठमोरेच म्हणाले. टीचर नाही, तुम्ही नाही…

मी खुर्चीवरून उठून त्यांच्यापाशी गेले.

“चेट्टा… जाऊ नका.”

बादली खाली ठेवून ते वळले. “हे कोण बोलतंय? अध्यक्ष?”

“नाही. मी. मला तुमच्याशिवाय करमायचं नाही इथे. फार दिवस झाले, असंच आहे.”

त्यांनी बादली पायाने बाजूला सारली. मग म्हणाले, “एवढंच सभेआधी म्हणाली असतीस तर होडीचा ठराव मी पुढच्या वर्षावर ढकलला असता. जलजा, मला राहायला कारण हवं होतं. तुझ्याकडे मागायचा धीर झाला नाही, म्हणून सभेकडे मागितलं.”

मला रडू आवरेना. त्यांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला. तो पावसाने ओलाच होता, तरी मी घेतला.

“पण कामाचं काय?” मी विचारलं.

“बदकं पुन्हा पाळीन. मेली म्हणून काय कायमची मेली?”

“आणि मामांना काय कळवणार?”

“ठराव पडला म्हणून.”

“आणि?”

“आणि मी येत नाही म्हणून.”