नीरजाच्या पेशींनी काय लक्षात ठेवलं?

सिंधुतळ वसाहतीत रोज सकाळी न्याहारीला बारा मुलं जमायची. त्या दिवशी नीरजा एकटीच होती.

देवगडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राखाली वीस मीटरवर ही वसाहत वसून दोन वर्षं झाली होती. आत येणारी हवासुद्धा गाळून यायची. धूळ नाही, डास नाहीत. तरीही अकराच्या अकरा मुलं तापाने फणफणली होती. नीरजाची हुबेहूब दिसणारी जुळी बहीण गिरिजा तर काचेच्या खोलीत, नाकाला प्राणवायूची नळी लावून पडली होती.

नीरजा मात्र ठणठणीत होती, आणि तेच तिला खात होतं. कानाच्या दुखण्यामुळे तिला खालचा हवेचा दाब सोसत नसे, म्हणून गेलं वर्षभर ती देवगडला मावशीकडे राहिली होती. कान बरा होऊन ती परतली आणि पाचव्या दिवशी ताप सुरू झाला. तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. पण काल छोट्या रुद्राणीच्या आईने तिला येताना पाहून दार ओढून घेतलं होतं.

ती तडक आजोबांच्या प्रयोगशाळेत गेली. डॉ. श्रीधर कुबल रक्ताचे नमुने तपासत बसले होते.

"आजोबा, हा ताप मी आणला ना?"

आजोबांनी चष्मा काढला. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण मी वरून आले, आणि मला एकटीलाच काही झालं नाही."

"तू आलीस त्याच दिवशी पंप दुरुस्त करायला एक इंजिनिअरही आले होते, आठवतं? त्यांच्या नाकातल्या नमुन्यात हाच विषाणू सापडला. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. तुझ्या नमुन्यात तो तेव्हाही नव्हता, आजही नाही."

नीरजाने खुर्चीवर बसून घेतलं. बराच वेळ धरून ठेवलेलं रडू आता आलं. आजोबांनी ते येऊ दिलं.

थोड्या वेळाने नाक पुसत ती म्हणाली, "मग मी आजारी का पडले नाही? वर मला हा ताप येऊन गेला असेल का?"

"मलाही तसंच वाटलं होतं. पण तुझ्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (ठरावीक जंतूला ओळखून पकडणारी प्रथिनं) अजिबात नाहीत. म्हणजे तुझ्या शरीराची त्याच्याशी आधीची ओळख दिसत नाही. आणि तुम्हा दोघींची जनुकं (शरीर घडवण्याच्या आणि चालवण्याच्या सूचना) तर सारखीच आहेत."

"मग फरक कशात आहे?"

आजोबांनी कागदाच्या दोन लांब पट्ट्या कापल्या आणि दोन्हींवर एकच वाक्य लिहिलं: 'जंतू दिसला, सगळ्यांना हाक मारा.' मग दोन पेन्सिलींवर त्या घट्ट गुंडाळल्या.

"वाच."

"कसं वाचू? अक्षरं आत गेली."

"पेशीत जनुकांचा धागा असाच प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट भाग वाचता येत नाही." त्यांनी एका पट्टीचा वेढा सैल केला आणि तो सैल राहावा म्हणून तिथे चिमटा लावला. "आता?"

"आता येतं वाचता. पण अक्षरं तीच आहेत!"

"हाच अधिजनुकीय बदल (अक्षरं न बदलता जनुकाच्या वापरात होणारा बदल). पेशीत चिमट्याऐवजी बारीक रासायनिक खुणा असतात. वर तुला सर्दी-खोकला झाला, तू मावशीच्या गोठ्यात खेळलीस, क्षयाची लसही नव्याने घेतलीस. त्या वेळी तुझ्या पहारेकरी पेशींत (कुठल्याही जंतूवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) काही वेढे सैल झाले. नवा विषाणू आला तेव्हा त्यांना सूचना चटकन वाचता आली. दोन वर्षं इथल्या गाळलेल्या हवेत राहून गिरिजाच्या खुणा पुसट झाल्या असाव्यात; तिच्या पेशींना आधी वेढे सोडवावे लागले, आणि तेवढ्यात विषाणू वाढला."

नीरजा विचारात पडली. "पण या पेशी थोडेच दिवस जगतात, असं तुम्हीच शिकवलंत. मग आठवण कुठे राहते?"

आजोबांचा चेहरा खुलला. "हाडांच्या मगजात. तिथल्या जननी पेशींवरही (ज्यांच्यापासून नव्या रक्तपेशी बनतात) या खुणा उमटतात, आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या पेशी त्या घेऊनच येतात."

"म्हणजे जितके वेढे सैल, तितकं चांगलं?"

"छे! सारखी हाक मारत राहिलं तर शरीराला विनाकारण सूज येते. शिवाय तुझ्या बाबतीत हे नेमकं लशीमुळे झालं की गोठ्यामुळे, हे मला अजून ठाऊक नाही. माझा हा अंदाज आहे. तो तपासायला तुम्हा दोघींचं थोडं रक्त लागेल."

नीरजाने लगेच हात पुढे केला.

चौथ्या दिवशी गिरिजाची नळी निघाली. आठवड्याने सगळी मुलं जेवणघरात जमली. आजोबांच्या सांगण्यावरून नीरजानेच त्यांना पट्ट्यांचा प्रयोग करून दाखवला. दोघी बहिणींच्या पेशींतल्या खुणा खरोखरच वेगळ्या निघाल्या होत्या. रुद्राणीची आई मागे उभी होती. ती पुढे आली आणि नीरजाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "माझं चुकलं गं, बाळ."

तेवढ्यात रुद्राणीने विचारलं, "मग आता आमच्या पेशींनीपण लक्षात ठेवलं असेल?"

"ठेवलं असावं," नीरजा म्हणाली. "पण किती दिवस राहील, ते कुणालाच माहीत नाही. आपल्याला मोजावं लागेल."

"मोजूया की!" गिरिजाने अजून बसक्या असलेल्या आवाजात म्हटलं आणि सगळ्यांत आधी बाही वर सारली. तिच्यामागे मुलांची रांग लागली.