मंगळवारीच पिकलेली द्राक्षं

कोसिमानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं... आपल्याच मळ्यात, आपलीच द्राक्षं तोडताना. ऑगस्टची दुपार, सगळं मांदुरिया गाव जेवून आडवं झालेलं. ती दबक्या पावलांनी गेली आणि तिनं थेट त्याची कॉलर धरली.

“चोरी करतोस? तीही दिवसाढवळ्या?”

“अहो, मी लेओ! लेच्चे शहरातल्या प्रयोगशाळेतून आलोय. गोडी मोजायला.” त्यानं खिशातली छोटी नळी दाखवली. तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, डोळ्याला लावायची, आकडा वाचायचा.

“मग मण्यामागून मणी तोंडात का टाकत होतास?”

“ते... पोटात कावळे ओरडत होते.”

ती हसली नाही. पण कॉलर सोडायला तिला जरा उशीरच झाला, हे मात्र खरं.

मग लेओ रोज दुपारी येऊ लागला. नळी डोळ्याला लावायचा आणि म्हणायचा, “अजून दोन दिवस.” कोसिमाचे वडील उच्चोकाका मान डोलवायचे. त्यांच्या घरच्या छोट्या वायनरीचं अख्खं वर्ष याच आठवड्यावर होतं. प्रिमितीवो जातीचं हे काळं द्राक्ष एकदा पिकलं की कुणासाठी थांबत नाही. घाई केली तर वाइन आंबट, उशीर केला तर वेलीवरच मनुका. आणि तोडणी संपली की लेओ नव्या नोकरीसाठी पार उत्तरेला, वेरोनाला निघणार होता.

मंगळवारी कोसिमानं एक मणी चावला. बी कुरकुरीत लागली, भाजलेल्या बदामासारखी. द्राक्ष पिकलं होतं! लहानपणापासून तिची जीभ कधी चुकली नव्हती. तरी ती गप्प राहिली... एकच दिवस. मग आणखी एक. हा शुद्ध वेडेपणा होता, तिला कळत होतं. पण पिकल्या द्राक्षांचा वास मळ्यात इतका दाटला होता की नुसतं चालतानाही गुंगी यावी. त्या वासात लेओ तिच्या शेजारून चालायचा, घडाकडे हात न्यायचा आणि त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची — चुकून. हात मात्र कुणीच मागे घ्यायचं नाही.

शुक्रवारी समुद्राकडून दमट वारा सुटला. आभाळ काळं झालं. एक सर आली असती तर तट्ट फुगलेले मणी फुटून वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरलं असतं.

लेओनं नळी डोळ्याला लावली. “अजून...” तो अडखळला.

“लेओ, पुरे आता. द्राक्षं मंगळवारीच पिकलीत.”

“सोमवारी,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“आकडा सोमवारीच गाठला होता. मी खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर इथं यायला निमित्त काय उरलं असतं? पण... तुला माहीत होतं, तर तू का गप्प बसलीस?”

तिचे कान लाल झाले. उत्तर त्याला त्यातच मिळालं असावं, कारण तो हसला. मग आभाळाकडे बघून त्याचं हसू मावळलं. “काकांना सांगायला हवं.”

“बाबा तुला हाकलतील. नवी नोकरीही जाईल.”

“जाऊ दे.”

उच्चोकाका हौद धूत होते. लेओनं एकही शब्द न लपवता सगळं सांगितलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला.

“बाबा, त्याला एकट्याला बोलू नका,” कोसिमा मधे पडली. “मलाही कळलं होतं. मला तो जायला नको होता. तो... तो मला आवडतो.”

काकांनी नळ बंद केला. “म्हणजे मी इथं आभाळाकडे डोळे लावून बसलोय, आणि तुम्ही दोघं माझी द्राक्षं पणाला लावून नजरानजर करताय? शेजाऱ्यांना हाका मारा! कात्र्या काढा! आणि तू रे गोडीवाल्या, कंबर मोडेस्तोवर तोडायचं!”

शेवटची पेटी आत आली आणि पाऊस कोसळला. दोघं दारात उभे होते, हात मनगटापर्यंत जांभळे.

“वेरोनाला... कधी?” तिनं विचारलं.

“सोमवारी. शनिवारी परत येईन.”

“एवढ्या लांबून? कशाला?”

“तुला भेटायला.”

“आणि बाबांना काय सांगायचं?”

“त्यांना तू मघाशीच सांगितलंस की.”

कोसिमानं ओठ चावून हसू दाबलं, आणि मग दाबेनासं झालं तेव्हा त्याच्या खांद्यात तोंड लपवलं.